अंगठा विरुद्ध ग्रंथ

मित्र घर बदलत होता. "तीनच पुस्तकं आहेत, महिनाभर ठेव," म्हणाला. तो महिना आता दुसऱ्या वर्षात शिरलाय. एक पुस्तक न्यूक्लिअर मेडिसिनचं, एक पेशीविज्ञानाचं आणि एक प्राचीन ग्रीक कायद्याचं. हे त्रिकूट जमलं कसं, असं विचारलं तर म्हणतो, "वाच, कळेल."

तिघांत जाडजूड पेशीविज्ञान. जी वस्तू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तिच्यावर लिहायला सर्वांत जास्त कागद लागला आहे. परवा धूळ झटकताना नेमकं तेच माझ्या उजव्या अंगठ्यावर आलं.

पाय उशीवर ठेवून बसल्यावर दुसरा उद्योग नव्हता. म्हणून ज्याने मारलं त्यालाच उघडलं. पेशी मरण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. ॲपॉप्टोसिसमध्ये ती शिस्तीत आवरतं घेते, स्वतःच्या पुरचुंड्या बांधते, शेजारच्या पेशी त्या गिळतात; कुठे बभ्रा नाही. झाडावरून पान गळावं तसं, म्हणून १९७२ साली ग्रीकमधून हे नाव उचललं. नेक्रोसिसमध्ये मात्र पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि अख्खी आळी सुजते. मी अंगठ्याकडे पाहिलं. आमच्याकडे पान गळालेलं नव्हतं.

हाड मोडलं की काय, या धास्तीने न्यूक्लिअर मेडिसिन उघडलं, तर वाटलं, चुकून पशुपालनावरचंच पुस्तक हाती आलं. कारण ही मंडळी किरणोत्सारी औषध पुरवणाऱ्या त्यांच्या जनित्राला 'गाय' म्हणतात आणि तिचं 'दूध काढतात'. शिशाच्या कवचात बसलेलं मोलिब्डेनम-९९ ही गाय. त्यातून तयार होणारं टेक्नेशियम-९९एम हे दूध. हाडाकडे ओढ असलेल्या औषधाला जोडून ते शिरेतून टोचलं की जिथे हाड नव्याने बांधायचं काम जोरात चाललंय तिथे ते जास्त जमतं आणि गॅमा कॅमेऱ्यात ती जागा उठून दिसते. गायीचं अर्धायुष्य ६६ तास, दुधाचं फक्त ६. म्हणजे साठवणीचा प्रश्नच नाही. पुढच्या पानावर समीकरणं लागली आणि माझा उत्साहही साठवणीचा नाही, हे सिद्ध झालं.

खरा दिलासा दिला ग्रीकांनी. अथेन्समध्ये दगड, लाकूड किंवा लोखंड अंगावर पडून माणूस मेला तर प्रितानिऑन या सरकारी इमारतीत त्या वस्तूवर रीतसर खटला चाले आणि तिला सीमेपार टाकून देत. मी ताबडतोब फिर्याद दाखल केली. न्यायाधीश बायको.

"माणूस मेला तर ना? तू तर मघापासून बोलतोयस."

मी अधिकारक्षेत्राचा मुद्दा टाळला. अथेन्सच्या न्यायालयांत भाषण दुसऱ्याकडून लिहून घेता येई, पण उभं राहून बोलायचं आपणच, तेही पाण्याच्या घड्याळावर. मोठं भांडं रिकामं झालं की संपलं.

"नळाखाली बादली लावलीय," ती म्हणाली. "भरेपर्यंत काय ते सांग. आणि पुस्तक पडलं की तू पाडलंस, तेही."

आरोपीने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. शिक्षा झाली: हद्दपारी. आणि ती अमलात आणायला लंगडत कोण गेलं? फिर्यादी. दाराबाहेर जिन्यात ठेवून आलो.

रात्री पुढे वाचलं. पौसानिअस हा प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार सांगतो, थासोस बेटावर थिआजेनीस या मल्लाच्या पुतळ्याला त्याचा एक वैरी रोज रात्री चाबकाने फोडून काढायचा. एके रात्री पुतळा त्याच्या अंगावर पडला, वैरी मेला. मुलांनी पुतळ्यावर खटला भरला, लोकांनी तो समुद्रात बुडवला. मग जमीन पिकेना. शेवटी डेल्फीच्या देववाणीने आठवण करून दिली आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला पुतळा पुन्हा जागेवर बसवावा लागला.

मी फळीकडे पाहिलं. जाडजूड आधार गेल्यामुळे उरलेली दोन तिरकी झाली होती आणि ग्रीक कायद्याची जागा माझ्या डाव्या अंगठ्याच्या बरोबर वर होती. उठलो, जिन्यातून ते धूड उचललं आणि आवाज न करता आत आलो.

"काढलास का समुद्रातून?" आतल्या खोलीतून आवाज आला.

थासोसबद्दल मी तिला एक अक्षर बोललो नव्हतो.