त्या हसण्यात मीही होतो

काल रात्री घोडबंदर रोडला एका मित्राच्या घरी आम्ही आठ-दहा जण जमलो होतो. जेवणे आटोपून आइस्क्रीम वाटले जात असताना कोणीतरी टीव्हीवर एक जुनी चित्रफीत लावली. स्टुडिओत डुकराच्या मांसाचा एक भलामोठा तुकडा, त्यावर मुठीने ठोसे मारणारा एक वादक आणि ठोसा नेमका कसा हवा हे त्याला समजावणारा, डोक्यावर टोपी घातलेला एक वयस्कर माणूस. ‘हे बघा, आपल्या साहेबांचे लाडके गायक!’ असे म्हणून मित्राने माझ्याकडे बोट दाखवले आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. आज सकाळपासून मला ज्याचा राग येतो आहे तो मुख्यतः माझ्या त्या हसण्याचा आहे. पण मित्रांनो, तुमचाही येतो आहेच, तेव्हा लिहितो.

तो टोपीवाला माणूस म्हणजे स्कॉट वॉकर. मांस बडवले जात होते ते ‘द ड्रिफ्ट’ या २००६ सालच्या अल्बममधल्या ‘क्लारा’ या गाण्यासाठी. बारा मिनिटांहून मोठे असलेले हे गाणे मुसोलिनीच्या प्रेयसीवर, क्लारा पेताचीवर आहे. एप्रिल १९४५ मध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या, प्रेते मिलानच्या चौकात आणून उलटी टांगली गेली आणि जमावाने त्यांची विटंबना केली. हे ऐकवायचे तर तबल्यावर थाप मारून चालेल का? तुम्हीच सांगा. चित्रफितीत हे काहीच कळत नाही. तिथे फक्त एक विक्षिप्त म्हातारा दिसतो.

आता माझ्या बाबांची गोष्ट सांगतो. त्या काळी आम्ही नौपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो आणि लंडनहून आलेल्या एका सहकाऱ्याने मला ती सीडी आणून दिली होती. रविवारी सकाळी मी ती लावली. स्वयंपाकघरातून आईने ‘ते यंत्र बिघडले असेल तर बंद कर’ असे दोनदा सांगितले. बाबा पेपर वाचत होते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या या माणसाला इंग्रजी गाणी कळत नसत आणि कळावीत अशी इच्छाही नव्हती. ‘क्लारा’ सुरू झाले. ते ठोसे ऐकू येऊ लागले तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘कुणाला तरी मारताहेत रे. आणि बाकीचे नुसते बघत उभे आहेत.’

एक शब्द कळत नव्हता, संदर्भ माहीत नव्हता, मांसाचा तुकडा तर त्यांनी पाहिलाच नव्हता.

हा गायक बेसूर असल्यामुळे असले उद्योग करतो, असे कालच्या गप्पांत कोणी तरी ठणकावून म्हणाले. अहो, या माणसाचा गळा मखमलीसारखा होता! १९६६ साली त्याच्या ‘वॉकर ब्रदर्स’ या त्रिकुटाचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि मुली त्यांच्या मागे वेड्यासारख्या धावत होत्या. (ते भाऊ नव्हते आणि वॉकर हे कुणाचे खरे आडनावही नव्हते, पण ते असो.) अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जन्मलेला हा मुलगा ऐन लोकप्रियतेत ग्रेगोरियन मंत्रगायन शिकायला आइल ऑफ वाइट या इंग्लंडमधल्या बेटावरच्या ख्रिस्ती मठात जाऊन राहिला. १९६९ मध्ये त्याने संपूर्ण स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, तो पडला. मग काही वर्षे पोटासाठी इतरांची गुळगुळीत गाणी गायली, ज्यांना त्याने पुढे स्वतःच नाकारले. त्यानंतर ‘द ड्रिफ्ट’पर्यंत त्याचे स्वतःचे अल्बम आले ते १९८४, १९९५ आणि २००६ मध्ये, म्हणजे दर अकरा वर्षांनी एक! लोकांना जो आवाज हवा होता तो त्याच्याजवळ होता, बाजारही तयार होता, आणि तरीही तो त्या आवाजाला दरवेळी अधिक काळोखात घेऊन गेला. डेव्हिड बोवीसारखा जगप्रसिद्ध ब्रिटिश गायक त्याचा जन्मभर भक्त होता, हे काल कोणाला सांगायला मला जमले नाही, कारण मी हसण्यात गुंतलो होतो.

हे संगीत सुखद नाही, आणि काही ठिकाणी तो मुद्दाम दुर्बोध होतो, हे मला मान्य आहे. पुढे जाऊ.

माझा आक्षेप न आवडण्याला नाहीच. नाटक कळले नाही तरी गडकरी रंगायतनबाहेर बटाटेवडा खात ‘विचार करायला लावणारे होते’ असे म्हणणारे आपण, गाण्याच्या बाबतीत मात्र चाळीस सेकंदांत निकाल देऊन मोकळे होतो. बाबांनासुद्धा ते गाणे आवडले नव्हते. संपल्यावर त्यांनी मला स्पष्ट सांगितले, ‘हे पुन्हा घरात लावू नकोस.’ परंतु ते बारा मिनिटे जागचे हलले नाहीत, आणि त्यांना हसू आले नाही.

याचे कारण मला फार नंतर उमगले. बाबा कुमार गंधर्वांचे निस्सीम भक्त. क्षयातून उठल्यानंतर कुमारजी जे गाऊ लागले, त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले होते. ‘याला गाणे म्हणत नाहीत, ही धाप आहे’ असे थोरले काका म्हणत, आणि त्यावरून दोघा भावांनी आठवडाभर अबोला धरला होता. ज्याने आपल्या आवडीसाठी घरात टोमणे खाल्लेले असतात तो दुसऱ्याच्या आवडीवर सहसा दात काढत नाही. मी तर त्यांचाच मुलगा, आणि काल रात्री माझ्याच आवडीवर मी दात काढले.

लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे. ज्याने चित्रफीत लावली तो माझा गेल्या वीस वर्षांपासूनचा मित्र आहे आणि त्याच्या मनात काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. आज दुपारी मी नौपाड्याला गेलो होतो. बाबा आता कमी ऐकतात. ते गाणे आठवते का, असे मोठ्याने विचारले तर म्हणाले, ‘ते मारहाणीचे ना? लावू नकोस हं.’

पुढच्या शनिवारी सगळ्यांनी माझ्याकडे यायचे आहे. जेवण आधी होईल, मग दिवे मंद करून बारा मिनिटे ‘क्लारा’. चित्रफीत नाही, फक्त आवाज. ज्यांना नको असेल त्यांनी तेवढ्या वेळात तलावपाळीवर एक फेरी मारून यावे, माझी काही तक्रार नाही. येताना मसाला पान आणा.