लहान मुलांना काय कळतंय!

सहकुटुंब बघायचा ॲनिमेशनपट काढायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर आधी शीर्षकातलं वाक्य पाठ करा. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

कथेवर वेळ घालवू नका. एक पोरकं पिल्लू घ्या, त्याला घराबाहेर काढा आणि सोबतीला एक बडबड्या मित्र द्या. तो गप्प बसला की प्रेक्षक विचार करू लागतात, आणि ते आपल्याला परवडणारं नाही. खलनायक शेवटच्या दहा मिनिटांत सुधारतो. का? वेळ संपत आली म्हणून. तरीही गोष्ट सुटली नाही, तर सगळ्यांना नाचायला लावा.

आता चित्रं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम्स धावतात. हाताने चित्रं काढणारे लोक बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम्स धरून १२ चित्रांत भागवायचे, पण पापणी नेमकी कधी लवावी यावर डोकं खपवायचे. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी तर १९८१च्या पुस्तकात ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडून ठेवली: उडी मारण्याआधी अंग आकसावं, थांबताना वेग हळूहळू उतरावा, असलं काहीबाही. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. तुमचा हत्ती कड्यावरून कोसळला तरी जमिनीला पत्ता लागता कामा नये. धूळ नाही, हादरा नाही. (धुळीचे पैसे वेगळे पडतात.)

आई दुधाचा पेला उचलते, त्या प्रसंगावर मात्र खास लक्ष असू द्या. बोटं पेल्याभोवती नाही, पेल्यातून आरपार गेली पाहिजेत. पेला तळहाताला न टेकता बोटभर अंतरावर तरंगावा. दूध अजिबात हलू नये, कारण ते हलवायचं म्हणजे संगणकावर हालचालीचं गणित (सिम्युलेशन) आलं, त्यातून चित्रं घडवणं (रेंडरिंग) आलं, रात्री जागणारी माणसं आली. पिऊन झाल्यावरही पेला काठोकाठ. मग आई लाडाने बाळाकडे बघते, म्हणजे बाळाच्या कानामागच्या भिंतीकडे. संवाद संपल्यावर तिचे ओठ दोनदा जास्त हलले तर हलू द्या, तेवढा अभिनय फुकटात पडला. पुढच्या रांगेतली एखादी पोरगी 'आईचं बोट दुधात गेलं!' असं ओरडेल. तिला पॉपकॉर्न द्या.

चेहरे हुबेहूब माणसासारखे करण्याचा हट्ट सोडू नका. जपानचे यंत्रमानव-तज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्येच लिहून ठेवलंय की यंत्रमानव माणसाच्या अगदी जवळ पोचला, पण थोडक्यात राहिला, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तुम्ही नेमका तिथेच मुक्काम ठोका. एका तिकिटात भयपटही होऊन जाईल.

आवाजासाठी नावाजलेला नट घ्या. त्याने एका दुपारी सगळं वाचून टाकलं तरी चालेल, पोस्टरवर नाव मोठं आलं म्हणजे झालं.

उशीर झाला तर घाबरू नका. किराणा मालाच्या जाहिरातींतल्या पात्रांना घेऊन केलेला 'फूडफाइट!' २००३मध्ये यायचा होता. हार्ड ड्राइव्ह चोरीला गेल्याचं निर्मात्यांनी सांगितलं आणि तो उगवला २०१२मध्ये. चोराने आपल्या परीने प्रयत्न केला होता, एवढं मान्य करायला हवं.

राहता राहिले समीक्षक. ते चिडतील, चिडू द्या. २०१७च्या 'द इमोजी मूव्ही'ला सर्वांत वाईट चित्रपटाचा रॅझी, म्हणजे टवाळीचा पुरस्कार, मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिलाच ॲनिमेशनपट. खर्च होता सुमारे ५ कोटी डॉलर आणि जगभरातली कमाई २१ कोटींच्या वर. अशी नाचक्की कुणाला नको असते?

तेव्हा दुसऱ्या भागाचं पोस्टर आजच करायला टाका. पात्रं तीच वापरा, फक्त डोक्यावर टोप्या चढवा. टोपी केसांतून आरपार गेली तरी चालेल.