खोटी पार्सलं कशासाठी? भिवंडीच्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, कमेंट वाचली, आणि एका ओळीत उडवून लावावी अशी ती नाहीये म्हणून इथे सविस्तरच लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आम्ही ट्रॅकिंग सॉफ्टवेअर तपासायला खोट्या डिलिव्हऱ्या चालवतो, म्हणजे पार्सलही नाही, ट्रकही नाही, फक्त बुकिंग, स्कॅन, लोकेशन असं सगळं एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, पाठवत राहतं. त्यावर दादांचं म्हणणं की हे म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासणं झालं, त्यापेक्षा भिवंडीतून नागपूरला दहा खरी पार्सलं टाका, दोन दिवसांत कळेल काय ते.

टाकली समजा. काय होईल? दहाच्या दहा पोचतील. तुम्हीच पोचवाल, धंदाच आहे तुमचा. मला एवढंच कळेल की सगळं नीट असताना ट्रॅकिंग नीट चालतं, आणि त्यासाठी टेस्टर कशाला पाहिजे. मला बघायचं असतं ते बिघडल्यावर काय होतं ते, आणि बिघाड काही आपण म्हणू तेव्हा होत नाही.

तुमचाच रूट घेऊ. समृद्धीवर इगतपुरीजवळ जवळपास ८ किमीचा बोगदा आहे, ताशी ८० ने गेलं तरी ६ मिनिटं गाडीला जीपीएस नाही. जुन्या कसारा घाटात प्रॉब्लेम वेगळा, तिथे आकाश दिसतं म्हणून जीपीएस मिळतो पण मोबाईलची रेंज जाते, मग अ‍ॅप लोकेशन साठवून ठेवतं आणि रेंज आली की सगळी एकदम सर्व्हरवर ओततं. ड्रायव्हरला दोन्ही सारखंच, सॉफ्टवेअरला नाही. सर्व्हरने लोकेशन मोबाईलने कधी नोंदवलं ते न बघता आपल्याकडे कधी पोचलं तेच धरलं, तर घाट चढलेला ट्रक एका सेकंदात काही किलोमीटर पळालेला दिसतो आणि ओव्हरस्पीडचा अलर्ट वाजतो, बिचारा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये असतो तेव्हा. स्क्रिप्टमध्ये मी रेंज कुठे जाणार, किती वेळ जाणार हे ठरवू शकतो, रोज रात्री तेच परत चालवू शकतो. खऱ्या गाडीला कसं सांगणार?

स्कॅनचं पण तेच. रायडरने पार्सल दिलं, ओटीपी घेतला, आणि सकाळचा 'आऊट फॉर डिलिव्हरी'चा अडकलेला स्कॅन त्यानंतर पोचला, तर ग्राहकाला पार्सल हातात असताना मेसेज येतो की आज येतंय. किंवा रात्रीचं घ्या. हबमधलं, म्हणजे पार्सलं जमा होतात त्या गोदामातलं, सॉर्टिंग बरंचसं रात्रीच चालतं आणि सर्व्हरचं घड्याळ सहसा आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, त्यामुळे रात्री १२ ते पहाटे साडेपाचमधला प्रत्येक स्कॅन आदल्या तारखेला जाऊन बसू शकतो. तुमच्या दहा पार्सलांपैकी दोन-चार यात सापडतीलही, पण तारीख एक दिवस मागे दिसते हे त्या गडबडीत कोण बघतंय?

अक्षांश-रेखांश उलटे पडणं हे तर नेहमीचंच, काही सिस्टिम आधी अक्षांश घेतात, काही आधी रेखांश. नागपूरचे २१.१५ आणि ७९.०९ उलटे टाका, पार्सल थेट उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपाशी. हा घोळ त्यातल्या त्यात बरा, नकाशा उघडला की दिसतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते खोट्या अटेम्प्टचं, म्हणजे दारात न जाताच गेलो होतो असं दाखवण्याचं प्रकरण. रायडर टपरीवर बसून 'ग्राहक घरी नाही' असं मारतो हे तुम्हीही लिहिलंयत. उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये नियम घालतात की रायडर पत्त्यापासून अमुक मीटरच्या आत असेल तरच अटेम्प्ट धरायचा. पुण्यामुंबईत ठीक आहे. पण 'मारुती मंदिरामागे, मु. पो. अमुक' असा पत्ता नकाशावर सापडत नाही, मग सिस्टिम पिनकोडच्या मधोमध कुठेतरी पिन टोचते, आणि एका पिनकोडात कितीतरी गावं असतात. म्हणजे दारात उभा असलेला प्रामाणिक पोरगा ४ किमी लांब दिसतो, त्याचा अटेम्प्ट खोटा ठरतो आणि पैसे कापले जाऊ शकतात. म्हणून आमच्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही रायडर असतात, टपरीवाला पण आणि दारातला पण, आणि सॉफ्टवेअरने दोघांना वेगळं ओळखलं नाही तर टेस्ट फेल. खरी पार्सलं टाकून हे कसं करणार, रायडरला सांगायचं का की आज खोटं बोल म्हणून?

हे नुसतं आमचंच खूळ नाही. ईझीपोस्ट नावाची अमेरिकन शिपिंग एपीआय (एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याशी जोडणारी सोय) देणारी कंपनी स्वतःच टेस्टसाठी खोटे ट्रॅकिंग नंबर देते, ईझेड४००००००००४ टाकला की 'डिलिव्हर्ड', ईझेड५००००००००५ टाकला की 'परत पाठवलं'.

आता पेपरचं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने डोक्यातून स्कॅन रचले, सगळे बरोब्बर क्रमाने, तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि असं टेस्टिंग मी बघितलंय, हिरवे टिकमार्क बघून सगळे खूश. म्हणून आम्ही खऱ्या ट्रिपांचे लॉग, म्हणजे सिस्टिममधल्या नोंदी घेतो, नावं, नंबर काढतो आणि तोच गोंधळ परत चालवतो. पेपर रस्त्याने काढलेला असतो. (नंबर काढणं फार गरजेचं, कारण ९९९९९९९९९९ पण कुणाचातरी चालू नंबर असू शकतो आणि टेस्टचे एसएमएस त्याला जातात.)

काही गोष्टी स्क्रिप्टला जमतच नाहीत हेही खरं. पावसात भिजलेला बारकोड, बॅटरी वाचवायला मोबाईलने मागच्या मागे बंद केलेलं अ‍ॅप, ग्लोव्हज घालून न दबणारं बटण. त्यासाठी आम्ही खरी पार्सलं टाकतोच, मुद्दाम जुन्या स्वस्त फोनवर, आणि शक्यतो जुलैत.

तुमच्याकडे नागपूर लाईनच्या जुन्या ट्रिपांचा जीपीएस डेटा पडून असेल ना? गाडी नंबर आणि पार्टीची नावं उडवून पाठवलात तर स्क्रिप्टमध्ये घालतो. ज्या ट्रिपांवरून ऑफिसात भांडणं झाली त्या आधी पाठवा.