संकष्टी, साबुदाणा आणि मलाक्का

सिंगापूरला लेकीकडे राहायला गेलेले आईवडील तिथल्या बागा, मत्स्यालय आणि लिटल इंडियातली दुकाने पंधरा दिवसांत बघून संपवतात आणि मग स्वयंपाकघरात लुडबुड करू लागतात. त्यावर उपाय म्हणून लेकीने आम्हा दोघांना एका दिवसासाठी मलेशियातल्या मलाक्क्याला पाठवायचे ठरवले. "बाबा, जेमतेम अडीचशे किलोमीटर आहे, सकाळी जाऊन रात्री परत," असे ती म्हणाली, तेव्हा सांगलीहून पुण्याला जाऊन त्याच रात्री परतण्यात हयात घालवलेला मी लगेच हो म्हणालो. सांगली आणि पुणे यांच्यामध्ये देशाची हद्द नाही, ही बाब त्या क्षणी माझ्या ध्यानात आली नाही.

तिकिटे काढून झाल्यावर हिने दिनदर्शिका उघडली आणि त्या दिवशी संकष्टी असल्याचे जाहीर केले. उपास सोडणे अर्थातच शक्य नव्हते. साबुदाण्याच्या खिचडीचा डबा, राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि अथर्वशीर्षाची पोथी अशी पिशवी भरून आम्ही पहाटे निघालो.

सिंगापूर आणि मलेशिया यांना जोडणारा १९२४ सालचा सेतू जेमतेम किलोमीटरभर लांबीचा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना बसमधून सगळ्या सामानासह उतरायचे, पारपत्रावर सोपस्कार उरकायचे आणि पलीकडे जाऊन आपलीच बस शोधायची. चालकाने आधीच बजावले होते की तो वीस मिनिटांपलीकडे थांबणार नाही. मलेशियाच्या खिडकीवर माझी बोटे यंत्राने विनातक्रार स्वीकारली, परंतु हिच्या बोटांचा ठसा काही केल्या उमटेना. पस्तीस वर्षे कणीक तिंबून आणि भांडी घासून ज्या रेषा झिजल्या, त्या यंत्राला कुठून दिसणार? अधिकारी बाईने बोटे पुसायला लावली, दाबायला लावली, फुंकर घालायला लावली. मी मागे उभा राहून घड्याळाकडे बघत होतो आणि ही माझ्याकडे, जणू त्या भांड्यांची यादी मनातल्या मनात वाचून दाखवत होती. शेवटी पाचव्या खेपेला ठसा उमटला आणि आम्ही सुटत्या बसच्या दाराला अक्षरशः लटकलो.

मलाक्क्याचा इतिहास आमच्या गोव्याला अगदी खेटून आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेतले आणि ऑगस्ट १५११ मध्ये मलाक्का. पुढे १६४१ साली डच आले आणि १८२४ च्या तहाने गाव इंग्रजांकडे गेले. एवढे राजे बदललेल्या गावासाठी आमच्या हाती साडेपाच तास होते. चौकातला तांबडाभडक डच वाडा आणि १७५३ सालचे तितकेच तांबडे चर्च आम्ही चालता चालता पाहिले. त्यांच्यासमोर सायकलरिक्षांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक रिक्षा कापसाच्या बाहुल्यांनी मखरासारखी सजवलेली. आमच्या रिक्षावाल्याने "इंडिया?" एवढेच विचारून कर्णकर्कश आवाजात हिंदी गाणे लावले आणि शाहरुख खान आपल्या मलाक्क्याचा 'दातुक' असल्याचे अभिमानाने सांगितले. हे खरे आहे. मलाक्का राज्याने त्याला तो किताब २००८ साली दिला, आणि गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तोही त्याच वर्षी. यातले कोणते अधिक मोलाचे, याबद्दल रिक्षावाल्याच्या मनात संदेह नव्हता.

हिला मात्र आधी गणपती हवा होता. नदीपलीकडच्या गल्लीत १७८१ साली चिट्टी मंडळींनी बांधलेले विनायकाचे देऊळ आहे. चिट्टी म्हणजे काही शतकांपूर्वी इथे आलेल्या आणि स्थानिक मुलींशी लग्ने करून राहिलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. ते मलय बोलतात आणि देव मात्र आपलेच पुजतात. तिथे बसून हिने एकवीस आवर्तनांचा संकल्प बोलून दाखवला. मी घड्याळ दाखवले. घासाघीस होत होत आम्ही तीन आवर्तनांवर आलो, आणि तेवढ्यानेही टेकडीवरच्या चर्चसाठी ठेवलेला निम्मा वेळ संपला.

तरी टेकडी चढलोच. छप्पर उडालेल्या त्या चर्चमध्ये जाळीने झाकलेली एक रिकामी कबर आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्यांचे पार्थिव पुढच्या वर्षी इथे पुरले होते आणि काही महिन्यांनी ते काढून गोव्याला नेले. २०१४ साली जुन्या गोव्यात आम्ही रांगेत उभे राहून त्यांचे दर्शन घेतले होते. हिने जाळीतून आत वाकून पाहिले आणि म्हणाली, "अहो, म्हणजे ही त्यांची आधीची भाड्याची खोली."

आता माझ्या पोटात कावळे ओरडत होते. खिचडीचा डबा बसमधल्या उन्हाने केव्हाच आंबला होता. एका थंड पदार्थांच्या दुकानात मी चेंडोल मागवले, म्हणजे किसलेला बर्फ, नारळाचे दूध, ताडगुळासारखा काळा गूळ आणि तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया. हिने शेवया बघून मान फिरवली. तेवढ्यात तिची नजर शेजारच्या टेबलावरच्या वाटीकडे गेली. वाटीत पारदर्शक दाण्यांची मूद होती आणि तिच्यावर नारळाचे दूध आणि तोच गूळ ओतलेला होता. "अहो, हा तर साबुदाणा!" साबू हा शब्दच मुळात मलय 'सागू'वरून आलेला. त्यांचा दाणा सागूच्या झाडाच्या खोडातून निघतो, तर आपला तमिळनाडूतल्या सेलमकडच्या कसाव्याच्या कंदातून. म्हणजे शास्त्राने बघायचे तर उपासाचा अस्सल साबुदाणा हिने आयुष्यात पहिल्यांदा मलाक्क्यात खाल्ला. नारळ चालतो, गूळ चालतो, साबुदाणा तर चालतोच, असे तिने स्वतःच तीन बोटे मोडून ठरवले आणि दोन वाट्या संपवल्या. दुसरी संपेपर्यंत वस्तुसंग्रहालयाची वेळ टळून गेली. मला त्याची फारशी खंत वाटली नाही, कारण मीही चेंडोलनंतर तीच वाटी मागवली होती.

परतीला हद्दीवरचे मलेशियाचे शहर जोहोर बारू येईपर्यंत नऊ वाजून गेले. चंद्रोदयाची दिनदर्शिकेतली वेळ सांगलीची, आणि सिंगापूरचे घड्याळ अडीच तास पुढे. त्यामुळे चंद्र नक्की कधी उगवायचा यावर बसमध्ये आमची जुंपली. हद्दीवरच्या इमारतीला आकाश दिसेल अशी एकही खिडकी नव्हती. (हिच्या बोटांनी या वेळी चौथ्या खेपेला दाद दिली.) सेतूवर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सव्वादहाला डावीकडच्या काळ्या पाण्यावर, गोदामांच्या दिव्यांच्या थोडा वर, तांबूस चंद्र दिसला. खिडकी उघडत नव्हती. हिने काचेलाच हात जोडले आणि पिशवीतून लेकीसाठी घेतलेला अननसाच्या वड्यांचा डबा काढून त्यातल्या दोन खाऊन उपास सोडला. मला एक दिली.

सिंगापूरच्या यंत्रावर तिने अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. अधिकाऱ्याने तिच्या अंगठ्याकडे निरखून पाहिले आणि काही न बोलता अननसाचा पाक पुसायला कागदाचा रुमाल पुढे केला.