'जरा अभ्यास करून लिहीत जा': एका प्रतिक्रियेला उत्तर

पिठावरून भविष्य सांगण्याच्या प्राचीन प्रथेवर मी लिहिलं, त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली. थोडक्यात तक्रार अशी: ग्रीक पीठवाले नेमकं काय करत ते मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलं, आधार दिला नाही, फॉर्च्युन कुकीला (आत भविष्याची चिठ्ठी घातलेलं बिस्किट) त्यांची वारसदार ठरवलं, तेही चूक, आणि जाता जाता, "जरा अभ्यास करून लिहीत जा."

आधी कुकी. मान्य. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत ती मिळते, पण मूळ जपानचं, क्योतोकडच्या चिठ्ठीवाल्या सेनबेईचं, म्हणजे तिथल्या कुरकुरीत बिस्किटाचं. ग्रीकांशी नातं मी ओढूनताणून जोडलं होतं. वाक्य काढलं. झालं समाधान?

आता तो "जरा". नुसतं "अभ्यास करा" म्हणाला असतात तर मी हसून सोडलं असतं. "जरा" म्हणजे, तुम्ही तसूभरही केलेला नाही, निदान चिमूटभर तरी करा. अहो, माझं आख्खं बालपण पिठाच्या गिरणीत गेलं. वडिलांची गिरणी. शाळेतून आलो की डबे तोलायचे, पट्टा सुटला तर शेजाऱ्याला हाक मारायची, आणि रात्री केसांतलं पीठ झटकून जेवायला बसायचं. ज्वारीचं पीठ जमिनीवर सांडलं तर कसं पसरतं आणि गव्हाचं कसं, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पिठात आकार दिसतात की नाही हे निदान मला तरी विचारू नका.

आधारच हवा ना? ग्रीक देव अपोलोचं एक बिरुदच 'अलेउरोमान्तिस' होतं. अलेउरॉन म्हणजे गव्हाचं पीठ. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने पीठवाले आणि जववाले भविष्यवेत्ते एका दमात झोडपले. तुम्ही म्हणाल, त्याने नुसती नावं घेतली, कृती दिली नाही. नसेल दिली. पण नसलेल्या माणसांवर कुणी एवढं चिडतं का? त्याच्याही कितीतरी आधीचे, बाबिलोनी काळातले पिठाचे शकुन मातीच्या पाटीवर लिहिलेले सापडलेत. शकुनासाठी यकृत बघायचं तर मेंढी मारावी लागे. पीठ मूठभर पुरे.

आणि तिबेटात आजही भाजलेल्या जवाच्या पिठाचे सारख्या वजनाचे गोळे करतात, आत चिठ्ठ्या घालतात आणि देवापुढे वाडगा फिरवतात. जो गोळा बाहेर पडेल तो कौल. आमच्या कोकणात गुरव देवाला पाकळ्या लावून कौल घेतो, तिथे तुम्ही संदर्भग्रंथ मागता का?

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देत बसत नाही. टोपणनावाने लिहिणाऱ्याशी किती बोलायचं, यालाही मर्यादा आहे. मूळ लेखात ग्रीकांच्या कृतीचं वर्णन आहे तिथे मी 'बहुधा' घातलं आहे. एकाच ठिकाणी. आणि ते तुमच्या प्रतिक्रियेमुळे नाही, मला आधीपासूनच घालायचं होतं.