राग मोजायचा तो कधी, आणि कुणाला विचारून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, नमस्कार. तुम्ही लिहिलंत की दारू सोडवायला दाखल केलेल्या तुमच्या भावाने पाचव्या दिवशी रागाच्या प्रश्नावलीत सगळीकडे ‘मुळीच लागू नाही’वर खूण केली आणि घरी आल्यावर वहिनींवर हात उचलला, मग असल्या कागदांचा उपयोग काय? आधी वहिनी सुखरूप आहेत ना, ते कळवा. गरज पडली तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, रात्री-अपरात्रीसुद्धा.

तुमचा संताप रास्त आहे, पण कागद फेकून देऊ नका. बस आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२च्या प्रश्नावलीत २९ विधानं आहेत, त्यातली दोन मुद्दाम उलटी, म्हणजे शांत माणूसच ‘लागू’ म्हणेल अशी. ‘मी शांत स्वभावाचा आहे’ हे त्यातलंच. भावाला तीच दिली असेल, तर त्या विधानालाही त्याने ‘मुळीच लागू नाही’ म्हटलं! म्हणजे न वाचताच भरलं. ते कागदावर दिसत होतं, पाहिलं कुणी नाही.

शिवाय पाचवा दिवस. दारू तुटल्याची थरथर, झोप नाही, घरी जायची घाई. त्या दिवशीच्या गुणांवर मी कधीच विसंबत नाही. ही प्रश्नावली मुळात अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर तपासलेली. नऊ आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली तेव्हा त्यांचे गुण बऱ्यापैकी जुळले. दारू सोडवायला आलेल्या माणसाचं नऊ आठवड्यांत पिणं सुटलेलं असतं, किंवा पुन्हा सुरू झालेलं असतं. गुण जुळले नाहीत तर पट्टी चुकली की माणूस बदलला, कसं कळणार? म्हणून शरीर सावरल्यावर, थोड्याच दिवसांच्या अंतराने दोनदा भरून घ्यावी.

सत्तरीतल्या एका गृहस्थांना मी वाचून दाखवत होते, ‘कुणी फारच डिवचलं तर माझा हात उठू शकतो.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, पिऊन की न पिता?” छापील विधानात याला जागाच नाही. तेव्हापासून मी दोन्ही वेगवेगळं विचारते. असं केल्यावर ते गुण इतरांच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत, हे मला मान्य आहे.

पेशंटच्या घरच्यांनाही विचारते, पण त्याच्यासमोर नाही. ‘मारतो का?’ एवढ्यावर थांबत नाही. भांडी आपटली का, मोबाईल फोडला का, हेही विचारते. एक बाई म्हणाल्या, “मारीत नाही हो. पण गेटचा आवाज झाला की मुलं अंथरुणात शिरतात.”

भावाला सोडताना वहिनींना कुणी बाजूला बसवून काही विचारलं होतं का?