सॅक्सोफोन म्हणजे फक्त जॅझ नाही हो
'युनिव्हर्सिटीत सॅक्सोफोन शिकायचा म्हणजे जॅझच शिकायचं' असं सॅक्सोफोनच्या शिक्षणावरच्या एका लेखात सरळ ठोकून दिलंय ते काही पटलं नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पाश्चात्त्य क्लासिकल सॅक्सोफोनची डिग्री वेगळी आणि जॅझची वेगळी असते. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत विद्यालयात) तर सॅक्सोफोन बनवणारा खुद्द अडॉल्फ सॅक्स १८५७ पासून मिलिटरी बँडवाल्यांना शिकवत होता, १८७० मध्ये वर्ग बंद पडला तो थेट १९४२ ला फ्रेंच सॅक्सोफोनवादक मार्सेल म्यूलने पुन्हा सुरू केला, म्हणजे हे शिक्षण जॅझच्याही आधीचं आहे राव.

माझी भाची आल्टो सॅक्सोफोन शिकतेय. सकाळी आधी नुसते लाँग टोन, एकच सूर ट्यूनरसमोर (सूर मोजणाऱ्या यंत्रासमोर) धरायचा, काटा हलला की पुन्हा पहिल्यापासून, शेजाऱ्यांचे हाल विचारू नका! जॅझला माउथपीस (तोंडात धरायचा भाग) वेगळा, आणि त्याला लावायच्या रीडच्या, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या, डब्यातल्या दोन-तीनच धड निघतात, डबा काही स्वस्त नाही. आणि लेखात राहून गेलेली खरी गोष्ट म्हणजे सिम्फनी ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोनला सहसा कायमची जागाच नसते, त्यामुळे डिग्रीनंतर बरेच जण शिकवण्याकडेच वळतात, ते ॲडमिशनच्या आधी सांगा की पोरांना.